फिश टँकमधले पाणी गढूळ का होते?



या सदरात आम्ही एरवी रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, पतपेढीचे व्याज असल्या विषयांवर लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे आणि तो वस्तीतल्या घरांनीच आम्हाला दिला आहे. सांगली, मिरज, कुपवाड, तिकडे सातारा, कोरेगाव, कराड या भागांत कार्यक्रमाच्या निमित्ताने आमचे घरोघरी जाणे होते. पूर्वी बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तथागतांची मूर्ती आणि एक टी.व्ही. एवढेच दिसे. आता कित्येक घरांत टी.व्ही.शेजारी काचेची पेटी दिसते आणि आत चार-सहा लाल-पांढरे मासे. मुलांनी हट्ट धरलेला असतो, बापाने बोनसच्या पैशातून तो पुरवलेला असतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पंधरा दिवसांनी त्याच घरी गेले की पाणी ताकासारखे पांढरट झालेले दिसते, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत असतात आणि घरातली माउली पुन्हा एकदा सगळी पेटी रिकामी करण्याच्या तयारीत असते. महिनाभरात मासे जातात, पेटी माळ्यावर जाते आणि पैसे पाण्यात जातात ते वेगळेच.

त्यात आणखी एक भर पडली आहे. कुणीतरी दुकानदार सांगतो की घरात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवा, घराची भरभराट होते. मासा मेला तर घाबरू नका, घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले असे समजा आणि नवा मासा घेऊन जा! हे ऐकून आम्हाला हसावे की रडावे ते कळेना. कारण यात दुकानदाराचा हिशेब अगदी चोख आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत फार तर पन्नास लिटर पाणी मावते. गोल्डफिश हा खादाड मासा, भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो. असे नऊ मासे पन्नास लिटरमध्ये कोंबले तर पाणी गढूळ होणार आणि मासे मरणार हे ठरलेलेच. मग दर महिन्याला संकट टळत राहते आणि दर महिन्याला नवा मासा विकला जातो. ज्या घरात मुले प्रश्न विचारायला शिकली पाहिजेत, तिथे मासा का मेला हा साधा प्रश्नच या समजुतीने बंद होतो. आमची तक्रार आहे ती यासाठी.

मिरजेतल्या एका घरातली गोष्ट सांगतो. वडील कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगी सातवीत. तिने शाळेतल्या बक्षिसाचे पैसे घालून फिश टँक घेतला होता. आम्ही गेलो तेव्हा पोर रडवेली झाली होती. म्हणाली, "काका, रोज सगळं पाणी बदलतोय, खडे धुतोय, तरी दुसऱ्या दिवशी दुधासारखंच होतंय की! आजी म्हणते माझ्या हाताला यश नाही." चार मासे गेले होते, दोन उरले होते. आम्ही तिला विचारले, धुताना ती काळी स्पंजची फिल्टर कुठे धुतेस? म्हणाली, नळाखाली, चांगली चोळून, पांढरी होईपर्यंत. आणि खडे? ते निरम्यात. त्या पोरीच्या हाताला काही झालेले नव्हते. उलट तिने गरजेपेक्षा जास्त स्वच्छता केली होती आणि तीच माशांना भोवली.

हे कसे, ते नीट समजून घेऊ. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विषारी आहे. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. पेटीत तो कुठे जाणार? त्याची विल्हेवाट लावतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचे नायट्रेट करते, ते पुष्कळच निरुपद्रवी असते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. नव्या पेटीत ते नसतातच म्हटले तरी चालेल. त्यांची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

हे शास्त्र काही फिश टँकवाल्यांनी शोधलेले नाही. 1877 साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी गटाराचे पाणी वाळू भरलेल्या नळीतून हळूहळू सोडून पाहिले. पहिले वीस-एक दिवस काहीच फरक पडला नाही. मग पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि नायट्रेट दिसू लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडला, तर काम थांबले. म्हणजे हे काम वाळूचे नव्हते, वाळूत राहणाऱ्या जिवांचे होते. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. नळाखाली स्पंज चोळणे म्हणजे त्या नळीत क्लोरोफॉर्म ओतण्यासारखेच झाले. मिरजेची ती मुलगी रोज पहिल्या दिवसापासून सुरुवात करीत होती. तिची पेटी महिनाभर नवीनच राहिली.

मग ते दुधासारखे पांढरे काय असते? तेही जिवाणूच, पण वेगळे. उरलेले खाद्य, विष्ठा, कुजके पान यांवर जगणारे जिवाणू एकदम कोट्यवधींनी वाढतात आणि पाण्यात तरंगतात. नव्या पेटीत तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर हे हमखास होते. आपण सगळे पाणी फेकले तर दोन दिवस स्वच्छ दिसते, पण खाणे तेवढेच असते, मग ते पुन्हा वाढतात. हात न लावता ठेवले तर आठ-पंधरा दिवसांत खाणे संपून ते आपोआप कमी होतात. धोका पांढरेपणाचा नाही. हे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, त्याचा आहे. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर तेच समजावे. मोटर चोवीस तास चालू ठेवावी आणि एक-दोन दिवस खाद्य पूर्ण बंद करावे.

हीच गोष्ट आपल्या नदीत मोठ्या प्रमाणावर होते. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो अनेकांनी डोळ्यांनी पाहिला. उन्हाळ्यात प्रवाह आटलेला असताना मळीसारखे किंवा गटाराचे सेंद्रिय सांडपाणी नदीत उतरले की त्यावर जिवाणू माजतात, प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. घरच्या पेटीत जास्तीचे खाद्य टाकणारा हात आणि नदीत सांडपाणी सोडणारी नळी, दोन्हींचा परिणाम एकाच जातीचा. फरक इतकाच की पेटीतला हात आपण आवरू शकतो. नदीच्या नळीसाठी मोर्चे काढावे लागतात. असो.

आता आपल्या पेटीतले पाणी कोणत्या प्रकारचे गढूळ आहे, हे ओळखायला पैसे लागत नाहीत. काचेच्या स्वच्छ पेल्यात पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि रंग पाहा. मग तो पेला रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला गाळ बसून वरचे पाणी निवळले असेल, तर ती धूळ किंवा माती आहे. पांढरटपणा तसाच राहिला तर बहुधा जिवाणू. हिरवी झाक असेल तर शेवाळ. चहासारखा पिवळा रंग असून पाणी आरपार दिसत असेल, तर आत ठेवलेल्या लाकडाचा रस उतरला आहे. त्याने काही बिघडत नाही, हळूहळू जातो.

धुळीचा गढूळपणा हा खड्यांचा दोष. पुष्कळजण बांधकामाच्या ढिगातली बारीक वाळू आणून घालतात. ती कितीही धुतली तरी उठत राहते. ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे खडे घ्यावेत आणि बादलीत घालून तांदळासारखे धुवावेत, वरचे पाणी नितळ येईपर्यंत, मग पंधरा वेळा धुवावे लागले तरी चालेल. साबण किंवा निरमा अजिबात नाही. संगमरवराचा चुरा, शिंपले घालू नयेत, त्यातून चुना उतरतो. पाणी भरताना तळाला एक ताटली ठेवून तिच्यावर धार सोडावी, म्हणजे खडे उसळत नाहीत.

पावसाळ्यात आपल्याकडे नळालाच तांबूस पाणी येते. साताऱ्याच्या बऱ्याच भागाला कासचे पाणी, सांगली-मिरजेला कृष्णेचे, पण आषाढ-श्रावणात दोन्हीकडे तक्रार एकच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले होते. ज्यांच्या घरात तेव्हा चिखल शिरला त्यांना कृष्णेचा गाळ किती बारीक असतो हे सांगायला नको. दिवसदिवस तो खाली बसत नाही. म्हणून आपण पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतो. तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. पण हीच तुरटी मासे असलेल्या पेटीत फिरवू नये. तिने पाणी आंबट होते आणि माशांचे कल्ले जळतात. पावसाळ्यात पाणी बदलायचे असेल तर ते आधी बादलीत भरून दोन दिवस निवळू द्यावे आणि वरचे तेवढे घ्यावे. पुष्कळच तांबडे असेल तर आठवडाभर बदलूच नये, खाद्य निम्मे करावे. मासे त्याने मरत नाहीत.

क्लोरीनचेही तसेच. बादली एक दिवस उघडी ठेवली, मधूनमधून हलवली, तर क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात, फोटो स्टुडिओवाले पूर्वी फोटो धुवायला वापरीत ते. दहा लिटर पाण्याला तुरीच्या दाण्याएवढा खडा पुरतो. गावात साथीच्या काळात टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त पडते, त्या दिवसांत पाणी बदलणे टाळलेलेच बरे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जड आणि बहुधा क्षारयुक्त असते, आणि अशा पाण्यात अमोनियाचे विष अधिक चढते. म्हणून बोअरवाल्या घरात मासे आणखी कमी ठेवावेत.

हिरव्या पाण्याचे कारण सांगायला नको, खिडकी! पेटी शोभून दिसावी म्हणून ती उन्हाच्या तिरिपेत ठेवतात. ऊन आणि माशांच्या घाणीचे खत मिळाले की सूक्ष्म शेवाळ वाढते. हे पाणी माशाला विषारी नसते, मात्र रात्री हेच शेवाळ प्राणवायू वापरते. पेटीला सगळीकडून वर्तमानपत्र किंवा जाड चादर गुंडाळून तीन-चार दिवस पूर्ण अंधार करावा, दिवा बंद, खाद्य बंद, मोटर चालू. मग पाव पाणी बदलावे आणि पेटी खिडकीपासून दूर न्यावी. दिवा रोज सहा-सात तासांपेक्षा जास्त लावू नये, वीजबिलही वाचते.

वनस्पतीही कामाला येतात. 1850 च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती काचेच्या भांड्यात ठेवून पाहिली. काही दिवसांनी त्याचेही पाणी गढूळ झाले, कारण झाडाची जुनी पाने कुजू लागली. त्याने कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळले. आज जगभर जे फिश टँक आहेत त्यांची सुरुवात ज्या प्रयोगांतून झाली, त्यांतला हा एक. आपल्याकडे तळ्यात, कालव्यात हायड्रिला भरपूर मिळते. चार काड्या आणून लाल औषधाच्या, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या, फिकट गुलाबी पाण्यात काही मिनिटे बुडवून, धुऊन घालाव्यात. फक्त पिवळी पाने वेळच्या वेळी काढावीत.

सफाईसाठी म्हणून सकर मासा विकतात, तो मात्र घेऊ नये. तो काचेवरचे शेवाळ थोडेफार खातो, पण घाण स्वतःच भरपूर करतो आणि फूटभर वाढतो. मग लोक कंटाळून तो नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात याच माशाने मच्छीमार बांधवांना हैराण केले आहे. अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. नको झालेला कोणताही टँकचा मासा नदी-तळ्यात सोडू नका, दुकानात परत द्या किंवा कुणाला तरी द्या.

औषधाच्या निळ्या बाटल्या, मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल फोडून टाकणे, हेही थांबवावे. त्याने पाणी निवळत नाही, उलट जे जिवाणू आपण महिनाभर पोसले तेच मरतात.

आता खाद्याविषयी, कारण आमच्या पाहण्यात दुखणे बहुतेक इथेच असते. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत मासे संपवतील एवढेच द्यावे. तळाला उरलेला प्रत्येक दाणा म्हणजे उद्याचा गढूळपणा. चपातीचा तुकडा, कुरमुरे, बिस्किट, भात काही नको. घरात सहा माणसे असली तर खाद्याचा डबा एकाच्याच ताब्यात असावा, नाहीतर आजोबा सकाळी घालतात, मुले दुपारी घालतात आणि पाहुण्यांची पोरे येता-जाता घालतात. सहा डिसेंबरला दादरला किंवा दसऱ्याला नागपूरला जाताना शेजाऱ्यांकडे डबा देऊन जाऊ नका. शेजारी प्रेमाने मूठभर टाकतात आणि परत येईपर्यंत पेटीचे ताक झालेले असते. मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात.

दर आठवड्याला पाव पाणी बदलावे, म्हणजे पन्नास लिटरच्या पेटीत दहा-बारा लिटर, एक बादलीभर. रबरी नळीने तळाची घाण ओढून काढावी. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा आणि परत लावावा, काळपट राहिला तरी चालेल. हात घालण्याआधी मोटर आणि दिव्याची पिन काढावी. वीज तास-दोन तास गेली तर तांब्याने पाणी वरून ओतत राहावे, तेवढ्याने हवा मिसळते.

काढलेले पाणी गटारात ओतू नका. त्यात नायट्रेट आहे, म्हणजे खतच. कढीपत्ता, मिरची, वांग्याच्या कुंडीला घाला. 2016 च्या एप्रिलमध्ये याच मिरज स्टेशनातून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी गेले होते, हे आपण विसरलेलो नाही. जत, आटपाडी, माण, खटाव भागात जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या वाचकांना आम्ही फिश टँक घ्या असे सांगणार नाही.

त्यांच्यासाठी आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी गप्पी मासे आहेत. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतींवर रंगवलेले सगळ्यांनी वाचले आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, तिथे गप्पी पैदास केंद्र असेल तर मासे मोफत देतात. बाटलीत पाणी भरून न्यावी, अर्धी रिकामी ठेवून. वापराच्या पाण्याच्या हौदात किंवा जुन्या रुंद टबात पाच-सहा गप्पी सोडले तर डासांच्या अळ्या खातात, अंगी सोसवणूक फार असते आणि मोटरशिवाय जगतात. मात्र ज्या हौदात ब्लीचिंग पावडर पडते त्यात सोडू नयेत.

मिरजेच्या त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले होते की सहा आठवडे स्पंज नळाखाली न्यायचा नाही, निरमा बंद, खाद्य चिमूटभर, एक दिवसाआड अर्धी बादली निवळलेले पाणी, आणि रोज पेल्यातला रंग वहीत लिहायचा. तिच्या वहीत अकराव्या दिवशी "थोडे पांढरे" आणि सतराव्या दिवशी "मागचा कागद स्वच्छ दिसतो" अशी नोंद आहे. उरलेले दोन्ही मासे आहेत. तिसरा आणायची घाई तिने केलेली नाही. दोन महिने होऊ द्या म्हणते.